स्पॅनिशमधली तुलना: ‘पेक्षा’साठी ‘के’ केव्हा आणि ‘दे’ केव्हा?

तुम्ही रावेरहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘पेक्षा’साठी कधी ‘के’ येतं आणि कधी ‘दे’? ‘सगळ्यात मोठा’ म्हणायला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द का सापडत नाही? आणि ‘जास्त चांगला’साठी ‘मेखोर’ हा शब्द असताना लोक ‘मास बुएनो’ म्हणतात ते बरोबर की चूक? सोबत डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी-१ (मध्यम) पातळीसाठी लिहिलेली पाच वाक्यं तपासायला दिली आहेत. त्यातलं एक अगदी बरोबर आहे. उरलेल्या चारांतल्या चुका मराठीतून आल्या आहेत, आणि जळगाव-धुळ्याकडच्या मुलांना शिकवताना मला त्याच चुका दर वर्षी दिसतात. म्हणून जरा लांबण लावतो.

इथे स्पॅनिश देवनागरीत लिहितोय, उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरलाय. तुम्ही वहीत रोमन लिपीतच लिहा आणि ‘मास’ (जास्त) मधल्या स्वरावरची तिरपी रेघ कधीही गाळू नका. ती गाळली तर त्या शब्दाचा अर्थ ‘पण’ होतो.

तुमचं पहिलं वाक्य आहे ‘मि एर्मानो एस आल्तो के मि’. माझा भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे. मराठीत ‘उंच’ला काहीच चिकटत नाही. ‘भाऊ उंच आहे’ आणि ‘भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे’, दोन्हीकडे ‘उंच’ तसाच राहतो, तुलनेचं सगळं काम ‘पेक्षा’ करतो. शेजारची गुजराती ‘थी’ लावते, हिंदी ‘से’ लावते, तिथेही विशेषण जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये तुलना विशेषणापासूनच सुरू होते. ‘मास आल्तो’ म्हटल्याशिवाय तुलना झालीच नाही, नुसता ‘के’ तिला उभं करू शकत नाही. कमी दाखवायचं असेल तर ‘मेनोस’. तेव्हा मराठी वाक्य मनात आलं की त्यात आधी ‘जास्त’ किंवा ‘कमी’ घाला, मराठीला तो नको असला तरी. ‘माझा भाऊ जास्त उंच’, मग ‘माझ्यापेक्षा’. हाताला ही सवय लागली की निम्म्या चुका आपोआप जातात.

त्याच वाक्यातली दुसरी चूक म्हणजे शेवटचा ‘मि’. मराठीत ‘मी’चं ‘माझ्या-’ होतं, म्हणून स्पॅनिशमध्येही सर्वनामाचं रूप बदलावं असं वाटतं. बदलायचं नाही. ‘के’नंतर ‘यो’ आणि ‘तु’ ही कर्त्याची रूपं तशीच येतात: ‘मि एर्मानो एस मास आल्तो के यो’.

पण दुसरी बाजू कर्ता नसेल तर तिच्या आधीचं अव्यय पुन्हा लिहावं लागतं, आणि हे पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं. ‘भुसावळला नाशिकपेक्षा जास्त उकडतं’ या वाक्यात आपण ‘नाशिकलापेक्षा’ म्हणत नाही, ‘ला’ गळून पडतो. स्पॅनिशमध्ये तो गळत नाही: ‘एन भुसावळ आसे मास कालोर के एन नाशिक’. दुसरा ‘एन’ विसरलात तर वाक्य लंगडं होतं. माणसांच्या बाबतीत तर अर्थच फिरतो. ‘ते किएरो मास के आ एया’ म्हणजे माझं तिच्यापेक्षा तुझ्यावर जास्त प्रेम आहे. त्यातला ‘आ’ काढून ‘ते किएरो मास के एया’ म्हटलं, तर ती तुझ्यावर करते त्याहून जास्त प्रेम मी करतो, असं होतं. मराठीतलं ‘तिच्यापेक्षा’ दोन्ही अर्थांना चालतं, म्हणून आपला कान या ‘आ’साठी तयार नसतो.

आता ‘के’ आणि ‘दे’. तुमचं दुसरं वाक्य: ‘तेनेमोस मास के दिएस मिल प्लान्तास’, आमच्याकडे केळीची दहा हजारांहून जास्त खोडं आहेत. इथे ‘मास दे दिएस मिल’ हवं. स्वतःला असं विचारा: ‘पेक्षा’च्या मागे कुणी दुसरा उभा आहे, की नुसतं एक माप आहे? भावाच्या वाक्यात भाऊ आणि मी असे दोघं आहोत. खोडांच्या वाक्यात दहा हजार हा कुणी दुसरा नाही. आपल्याच खोडांची संख्या कुठल्या खुणेच्या पुढे गेली, एवढंच तो सांगतो. खूण ओलांडली की ‘दे’. ‘मास दे दोस ओरास’, दोन तासांहून जास्त. ‘मास दे ला मिताद’, निम्म्याहून जास्त. ‘मेनोस दे सिएन’, शंभरपेक्षा कमी.

‘आकडा आला की दे’ असा सोपा नियम बरेच जण पाठ करतात. तो बहुतेक वेळा चालतो, पण स्पॅनिशमधली एक म्हण त्याला छेद देते: ‘बेन मास कुआत्रो ओखोस के दोस’. चार डोळ्यांना दोन डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं. आकडा आहे, तरी ‘के’. कारण इथे चार डोळे एकीकडे आणि दोन दुसरीकडे, आणि दोन्ही बाजू पाहण्याचं काम करतायत. खरोखरच दोघांची तुलना आहे. म्हणून आकडा शोधण्यापेक्षा दुसरी बाजू शोधा.

नकारात तर या दोन छोट्या शब्दांवर अख्खा अर्थ उभा असतो. ‘नो तेन्गो मास दे सिएन रुपियास’ म्हणजे माझ्याकडे शंभराहून जास्त रुपये नाहीत. शंभर असतील किंवा त्याहून कमी, नक्की आकडा सांगितलेला नाही. ‘नो तेन्गो मास के सिएन रुपियास’ म्हणजे माझ्याकडे शंभरच रुपये आहेत, त्याशिवाय काही नाही. ‘नो… मास के’ ही जोडी दिसली की मराठीतला ‘-च’ किंवा ‘शिवाय’ आठवा. परीक्षेतल्या उताऱ्यात हा प्रकार हमखास येतो आणि घाईत वाचणारा त्याचा अर्थ उलटा लावतो.

‘दे’चा दुसरा उपयोग तुमच्या तिसऱ्या वाक्यात हवा होता: ‘लास लेक्सिओनेस सोन मास दिफीसिलेस के पेन्साबा’, धडे वाटलं होतं त्यापेक्षा अवघड आहेत. ‘पेक्षा’च्या मागे अख्खं क्रियापदाचं वाक्य आलं की नुसता ‘के’ पुरत नाही, ‘दे लो के’ लागतं: ‘मास दिफीसिलेस दे लो के पेन्साबा’. मुलांना हे ‘लो’ कुठून आलं ते कळत नाही, म्हणून ती घोकंपट्टी करतात. घोकायची गरजच नाही. तुम्ही मराठीत ‘वाटलं होतंपेक्षा’ म्हणता का? नाही. तुम्ही ‘वाटलं होतं त्यापेक्षा’ म्हणता. तो ‘त्या’ म्हणजेच ‘लो’. ‘कमावतो त्यापेक्षा जास्त खर्च करतो’ हे ‘गास्तामोस मास दे लो के गानामोस’ असं होतं. मराठीला जिथे ‘त्यापेक्षा’ची गरज पडते तिथे स्पॅनिशला ‘दे लो के’ची गरज पडते. इथे आपली भाषा पूर्ण साथ देते, तिचा फायदा घ्या.

मोजायची वस्तू वाक्यात नावानिशी असेल, तर ‘लो’च्या जागी त्या वस्तूचं लिंग-वचन येतं. लागणार होते त्यापेक्षा जास्त खोके घेतले: ‘कोम्प्रामोस मास काखास दे लास के नेसेसिताबामोस’. ‘काखा’ स्त्रीलिंगी, अनेकवचनी, म्हणून ‘लास’. वेळ असेल तर ‘मास तिएम्पो देल के’, पाणी असेल तर ‘मास आगुआ दे ला के’. बी-१ला इतकं नेमकं लिहिणारे थोडे असतात. तुम्ही लिहिलंत तर तपासणाऱ्याच्या नजरेत भरेल.

‘मास के नुन्का’ बद्दलही सांगतो. ‘यंदा कधी नव्हे इतकं ऊन आहे’ हे ‘एस्ते आन्यो आसे मास कालोर के नुन्का’. इंग्रजीतून स्पॅनिशकडे येणाऱ्याला या ‘नुन्का’चं, म्हणजे नकाराचं, आश्चर्य वाटतं. आपल्याला वाटायला नको, ‘कधी नव्हे’मध्ये आपणही नकारच वापरतो. तसंच ‘मास के नादिए’, कुणाहीपेक्षा जास्त. इथे नकारार्थी शब्दच येतो.

चौथं वाक्य: ‘भुसावळ एस ला मास कालुरोसा सिउदाद एन महाराष्ट्र’. यात शब्दांचा क्रम आणि शेवटचं अव्यय, दोन्ही दुरुस्त करावं लागेल. शिवाय ‘सगळ्यात उष्ण’चा मान दर उन्हाळ्यात वेगळं शहर पटकावतं, म्हणून मी ‘सगळ्यात उष्ण शहरांपैकी एक’ असं लिहीन: ‘भुसावळ एस उना दे लास सिउदादेस मास कालुरोसास दे महाराष्ट्र’. आधी ‘ला’ किंवा ‘लास’, मग नाम, मग ‘मास’ आणि विशेषण. ‘ला’ पुन्हा लावायचा नाही. वेगळा शब्द का सापडत नाही, त्याचं उत्तर इथेच आहे: ‘मास’ तोच राहतो, ‘एल-ला-लोस-लास’ या उपपदांनी गाठ मारली की ‘जास्त’चं ‘सगळ्यात जास्त’ होतं. मराठीतही ‘उंच’ तोच राहतो आणि ‘सगळ्यात’ बाहेरून येऊन काम करतो. ‘उच्चतम’, ‘लघुतम’ असले ‘तम’वाले शब्द पुस्तकात असतात, आपण बोलताना ‘सगळ्यात उंच’च म्हणतो.

आता ‘एन’ का नको. आपण ‘महाराष्ट्रातलं’, ‘जगातलं’ म्हणतो, त्या ‘-त’मुळे हात ‘एन’कडे जातो. स्पॅनिश इथे ‘दे’ घेते: ‘दे महाराष्ट्र’, ‘देल मुन्दो’, ‘दे ला क्लासे’. मनात ‘-तला’ न म्हणता ‘-पैकी’ म्हणा, चूक होणार नाही.

या ‘दे’पुढे तुम्ही काय ठेवता त्याला फार महत्त्व आहे. स्पेनचं सगळ्यात उंच शिखर कोणतं? तेइदे, ३७१५ मीटर: ‘एल तेइदे एस एल पिको मास आल्तो दे एस्पान्या’. पण तेइदे तेनेरिफे बेटावर आहे, कॅनरी बेटांमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या स्पेनपुरतं बोलायचं तर मान ग्रानादाजवळच्या सिएर्रा नेवादा डोंगररांगेतल्या मुलासेनला जातो, साधारण ३४७९ मीटर. तेव्हा वाक्याच्या शेवटी ‘दे एस्पान्या’ऐवजी ‘दे ला पेनिन्सुला इबेरिका’ येतं आणि उत्तर बदलतं. नद्यांचंही तसंच. इबेरियन द्वीपकल्पातली सगळ्यात लांब नदी ताखो, साधारण १००७ किलोमीटर, पण ती पुढे पोर्तुगालात जाऊन लिस्बनजवळ समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंत स्पेनमध्येच वाहणाऱ्या नद्यांपैकी सगळ्यात लांब एब्रो, सुमारे ९३० किलोमीटर. सर्वात मोठं, सर्वात लांब असं लिहिताना कशापैकी ते नीट लिहिलं नाही, तर व्याकरण बरोबर असूनही विधान खोटं ठरतं. मुलांकडून मी हे नकाशा समोर ठेवून करून घेतो.

नदीवरून आठवलं. आपण तापीमाई म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये ‘नदी’साठी असलेला ‘रिओ’ हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून नदीची नावंही पुल्लिंगी होतात. तापी ७२४ किलोमीटर, नर्मदा १३१२. ‘एल तापी एस मास कोर्तो के एल नर्मदा’. ‘कोर्ता’ नाही, ‘कोर्तो’. तुलना करताना सगळं लक्ष ‘मास’कडे जातं आणि विशेषणाचं लिंग निसटतं.

तुमचं पाचवं वाक्य बरोबर आहे: ‘एल प्लातानो दे कानारियास एस मास पेकेन्यो के ला बानाना’. कॅनरी बेटांवरचं केळं बाहेरून आलेल्या केळ्यापेक्षा लहान असतं. स्पेनमध्ये खरोखरच हा फरक करतात: कॅनरीचं ते ‘प्लातानो’, आयात केलेलं ते ‘बानाना’. केळीच्या व्यापारासाठी भाषा शिकत असाल तर एवढं लक्षात असू द्या की हा फरक स्पेनचा आहे. इक्वादोरमध्ये ‘प्लातानो’ म्हटलं तर समोरचा भाजीचं, शिजवून खायचं केळं समजेल. खायच्या पिकलेल्या केळ्याला तिथे ‘बानानो’ किंवा ‘गिनेओ’ म्हणतात.

केळ्यांवरूनच ‘मायोर’कडे येऊ. जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकतात आणि सगळ्यात जास्त निर्यात इक्वादोर करतो: ‘इन्दिया एस एल मायोर प्रोदुक्तोर दे प्लातानोस देल मुन्दो’ आणि ‘एक्वादोर एस एल मायोर एक्स्पोर्तादोर’. प्रमाण, महत्त्व, वय यांत मोठा असेल तर ‘मायोर’, आकारानं मोठा असेल तर ‘मास ग्रान्दे’. थोरला भाऊ ‘एर्मानो मायोर’, धाकटा ‘एर्मानो मेनोर’. मेक्सिको किंवा अर्जेंटिनाच्या माणसाशी बोलताना वयासाठीही ‘मास ग्रान्दे’ ऐकाल. तिथे ते सर्रास चालतं, परीक्षेत ‘मायोर’ लिहा.

‘बुएनो’ (चांगला) आणि ‘बिएन’ (चांगल्या रीतीनं) दोघांचं तुलनेतलं रूप एकच, ‘मेखोर’. ‘मालो’ (वाईट) आणि ‘माल’ (वाईट रीतीनं) यांचं ‘पेओर’. नामासोबत हे शब्द सहसा आधी येतात, ‘एल मेखोर लिब्रो’. त्यांना ‘मास’ लावू नका, ‘मास मेखोर’ ऐकताच स्पॅनिश माणसाच्या कपाळाला आठी पडते. ‘मास बुएनो’ मात्र स्वभावाबद्दल बोलताना बरोबर आहे. मनानं चांगल्या माणसाला स्पेनमध्ये ‘एस मास बुएनो के एल पान’ म्हणतात, पावाहून चांगला. परीक्षेत पुस्तक, कॉलेज, हवामान यांच्यासाठी ‘मेखोर’ आणि माणसाच्या स्वभावासाठी हवं तर ‘मास बुएनो’, एवढं पाळलंत तरी पुरे. असल्या तुलना स्पॅनिश बोलण्यात पदोपदी भेटतात. कंटाळवाण्या, न संपणाऱ्या गोष्टीला ‘मास लार्गो के उन दीआ सिन पान’ म्हणतात, भाकरीविना गेलेल्या दिवसाहून लांब. अशा दोन-चार पाठ करा, व्याकरणही त्यांच्यासोबत पाठ होतं.

फरक मोठा असेल तर ‘खूप’साठी ‘मुई’ चालत नाही, ‘मुचो’ लागतं: ‘मुचो मास आल्ता’, ‘मुचो मेखोर’. नाम आलं की हा ‘मुचो’ नामाप्रमाणे बदलतो: ‘मुचास मास काखास’, ‘मुचा मास आगुआ’.

समान असेल तर विशेषणाआधी ‘तान’, नामाआधी ‘तान्तो-तान्ता-तान्तोस-तान्तास’, आणि दोघांनंतर ‘कोमो’. मराठीतला ‘इतका’ विशेषणासोबतही बदलतो, ‘ती माझ्याइतकी उंच’. स्पॅनिशचा ‘तान’ मात्र अजिबात बदलत नाही: ‘एया एस तान आल्ता कोमो यो’. इथे ‘कोमो’च्या जागी ‘के’ घातलात तर अर्थ ‘इतका की’ असा होतो. ‘आसे तान्तो कालोर के नो साल्गो’, इतकं ऊन आहे की मी बाहेर पडत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘इतकं’ असल्यामुळे हा घोटाळा होतो.

क्रियापदाला ‘सगळ्यात’ लावायचं असेल तर ‘सगळ्यात छान गाते ती सीमा’ अशी मराठी मांडणी घ्या: ‘सीमा एस ला के मेखोर कान्ता’. आणि ‘जितकं… तितकं’साठी ‘कुआन्तो मास… मास’: ‘कुआन्तो मास प्राक्तिकास, मेखोर आब्लास’, जितका सराव कराल तितकं चांगलं बोलाल. मेक्सिकोत ‘कुआन्तो’च्या जागी ‘मिएन्त्रास’ किंवा ‘एन्त्रे’ ऐकू येईल.

‘इसिमो’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याच्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. यात कुणाशी तुलना नसते, नुसतं टोक गाठलेलं असतं. आपण ‘तिखटजाळ’, ‘आंबटढाण’, ‘कडूजहर’ म्हणतो, त्या जातीचा हा प्रत्यय. शेवभाजीचा रस्सा ‘पिकान्तीसिमो’. लिहिताना उच्चार सांभाळा: ‘रिको’चं ‘रिकीसिमो’ होताना ‘क’ तसाच ऐकू यायला हवा, म्हणून ‘सी’ अक्षर जाऊन ‘क्यू-यू’ येतं. ‘लार्गो’चं ‘लार्गीसिमो’ होताना ‘जी’नंतर ‘यू’ घालावा लागतो. ‘आमाब्ले’चं ‘आमाबिलीसिमो’ आणि ‘खोबेन’चं ‘खोबेन्सीसिमो’ ही रूपं पाठच करावी लागतात. जोर कायम ‘ई’वर, तिथे रेघ हवीच. त्याच्याआधी ‘मुई’ किंवा ‘मास’ लावायचा नाही, तो आधीच टोकाला पोचलेला आहे.

राहिलं ते ‘सगळ्यात’नंतर येणारं क्रियापद. ‘आयुष्यात खाल्लेलं सगळ्यात चांगलं भरीत’ हे ‘एल मेखोर भरीत के ए कोमिदो एन मि बिदा’ असं लिहाल. पुस्तकांत याच जागी ‘के आया कोमिदो’ असंही दिसेल. ते क्रियापदाचं वेगळं रूप, सुब्खुन्तिबो. दोन्ही चालतं. ‘ए कोमिदो’ म्हणजे खाल्लंय हे ठाम सांगणं. ‘आया कोमिदो’मध्ये ‘खाल्लं असेल त्या सगळ्यांत’ अशी थोडी मोकळीक असते. बी-१च्या लेखी परीक्षेत ‘ए कोमिदो’ लिहा, आणि ऐकण्याच्या भागात दुसरं रूप कानावर आलं तर गोंधळू नका.